कपडा आधी उलटा कर, मग किंमत विचार

तुझ्या पत्रात तीन प्रश्न आहेत आणि चौथा आजीच्या साड्यांचा. कपाट भरलंय तरी सकाळी ऑफिसला घालायला काही सापडत नाही, मग माझी स्टाईल तरी कुठली, असं विचारतेस. सेलमध्ये घेतलेले कुर्ते थोड्याच धुण्यांत मुंढ्यापाशी उसवतात. म्हणून आता कमी पण हातमागाचं, नीट शिवलेलं घ्यायचं ठरवलंस, तर इंदूरच्या राजवाड्याच्या आसपासचा प्रत्येक दुकानदार "प्युअर हँडलूम है दीदी" म्हणतो आणि खरं कुठलं ते कळत नाही. शिवाय आजीच्या दोन नऊवारी माहेश्वरी ट्रंकेत आहेत, त्या कापू का, असं विचारलंयस.

मी इंदुरात बरीच वर्षं शिवणाचं वर्कशॉप चालवते. नवे कपडे शिवतोच, पण आमच्याकडे दुरुस्तीचं काम मोठं आहे. दुरुस्तीला आलेला कपडा उसवून, उलटा करून टेबलावर पसरला की तो कोणी कसा शिवलाय ते सगळं दिसतं. लेबल बाहेर असतं, शिंपी आत असतो. म्हणून कुठल्याही दुकानात पहिली गोष्ट ही कर: कुर्ता हातात आला की आरशासमोर धरण्याआधी आतली बाजू बाहेर काढ. दुकानदार बघत राहील, बघू दे.

बाजूच्या शिवणीत आत किती कापड सोडलंय ते पाहा. आमच्याकडे ब्लाउजला बाजूला एक ते दीड इंच दाब ठेवतात, कुर्त्याला पाऊण ते एक इंच. सेलच्या कुर्त्यात इंटरलॉकच्या कडेपासून शिवणीपर्यंत जेमतेम अर्धा सेंटिमीटर असतो. यात कोणाचा खोडसाळपणा नाही, हिशेब आहे. एका कुर्त्यामागे दोन-तीन सेंटिमीटर पन्हा वाचला तर हजार कुर्त्यांमागे बरंच कापड वाचतं, आणि इंटरलॉकचं मशीन कड कापणं आणि शिवणं एकाच दमात करतं, म्हणून वेळही वाचतो. पण असा कुर्ता तू एक किलो वाढलीस की संपला, आणि शिवण ताणली गेली की धागा तुटायच्या आधी कापडच शिवणीतून निसटतं. तुझे कुर्ते मुंढ्यापाशी जातात ते यामुळेच. हात पुढे घेऊन दिवसभर लॅपटॉपवर काम करणाऱ्या माणसाचा सगळा ताण पाठीकडच्या मुंढ्यावर येतो, आणि तिथे दाबही नसतो आणि दुहेरी टीपही नसते.

मग टाके मोज. सुती कुर्त्याला एका इंचात दहा ते बारा टाके बरे. सहा-सात असले तर मशीन पळवलंय असं समज. रेशमाला मात्र जास्त टाकेही वाईट. सुईच्या भोकांची ओळ पडते आणि कापड त्या ओळीवर फाटतं, टपाल तिकिटासारखं. तळाची पट्टी किती रुंद आहे ते बघ, एक इंच तरी हवी, म्हणजे कापड आटलं तर सोडता येते. काज आतून-बाहेरून सारखं भरलेलं आहे का, बटण ओढल्यावर हलतं का, खांद्याच्या शिवणीत आत पट्टी घातलीय का. छापील कापड असेल तर पुढच्या पट्टीवर आणि बाजूला नक्षी जुळवलीय का. जुळवायला कापड वाया जातं, म्हणून जिथे नक्षी जुळलेली दिसते तिथे बाकीच्या गोष्टीतही हात आखडला नसण्याची शक्यता बरीच असते. आणि शेवटी कुर्ता खांद्यांना धरून हवेत लटकव. बाजूच्या शिवणी सरळ खाली यायला हव्यात. एखादी पुढे वळली असेल तर कापड उभ्या धाग्याला सरळ न ठेवता तिरकं कापलंय. धुतल्यावर ते आणखी वळेल आणि कोणीही दुरुस्त करू शकणार नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण हल्ली त्यावर बोलायला लोक कचरतात. हातमागाचं कापड आणि चांगली शिवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तम बाग प्रिंटचं, म्हणजे बाग गावच्या हातठशांच्या छपाईचं, कापड घेऊन त्याचा भिकार कुर्ता शिवलेला मी दर आठवड्याला बघते, आणि त्याला किंमत मात्र हाताच्या कामाची लावलेली असते. उलट, साध्या मिलच्या पॉपलिनचा नीट शिवलेला शर्ट दहा वर्षं टिकतो. यंत्रमागाचं कापड वापरण्यात काही पाप नाही. ते हातमाग म्हणून विकण्यात आहे.

आता खऱ्या-खोट्याचं. इंदूरच्या माणसासाठी यातला पहिला विषय माहेश्वरी, कारण महेश्वर इथून नव्वद-पंचाण्णव किलोमीटरवर आहे आणि नकलही सगळ्यात जास्त तिचीच होते.

अहिल्याबाईंनी 1767 नंतर महेश्वरहून कारभार केला तेव्हा बाहेरचे विणकर आणून तिथे वसवले. तेव्हा नऊवारी लुगडी आणि पागोट्यांचं कापड विणलं जायचं. पुढे माग विझत आले, आणि 1970 च्या दशकाच्या शेवटी रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी सुरू केली, तिने बायकांना मागावर बसवून हे काम पुन्हा उभं केलं. आज आपण जी माहेश्वरी ओळखतो ती बहुधा रेशमाचा ताणा (उभे धागे) आणि सुताचा बाणा (आडवे धागे) अशी असते. म्हणून ती सुतासारखी श्वास घेते आणि रेशमासारखी पडते. ऑफिसच्या एसीत आणि बाहेरच्या उन्हात एकच साडी चालते ती यामुळे. सबंध सुती आणि सबंध रेशमीही मिळते, तेव्हा दुकानात "ताणा कशाचा, बाणा कशाचा" हा प्रश्न विचारायची सवय लाव. ज्याला उत्तर देता येत नाही त्याला आपण काय विकतो ते माहीत नाही, किंवा माहीत आहे म्हणूनच तो सांगत नाही.

पारंपरिक माहेश्वरीची मुख्य खूण काठ. काठ दोन्ही बाजूंनी सारखा असतो, उलटा-सुलटा भेद नसतो. त्याला बुगडी म्हणतात. साडी उलटी नेसली तरी चालते. मधला भाग साधा, नाहीतर चौकटीचा किंवा रेघांचा. काठांना विटेचा, चटईचा, लाटेचा, चमेलीच्या फुलाचा अशी नावं, त्यातली बरीच नक्षी किल्ल्याच्या दगडी कोरीवकामातून उचलली असं महेश्वरात सांगतात आणि घाटावर उभं राहिलं की पटतंही. पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत आणि मधे दोन पांढरे. जुन्या रंगांची नावं मात्र आपल्या घरची आहेत: अंगुरी, डाळिंबी, गुलबक्षी, जांभळा, तपकिरी, आमरक. दुकानात गेलीस की "अंगुरी दाखवा" म्हणून बघ. जुना विक्रेता पटकन हात घालतो, नवा "लाइट ग्रीन?" म्हणतो.

पण काठामागे धागे लोंबताना दिसले म्हणजे साडी खोटीच, असं लगेच ठरवू नकोस. हातमागावर जकार्ड, म्हणजे नक्षी विणायचं यंत्र, लावून विणलेल्या काठालाही मागे धागे येतात. तसंच कडेच्या बारीक टोचल्याच्या खुणा. पुष्कळ लोक सांगतात की त्या दिसल्या की हातमाग. हातमागावर कापड ताणून धरायला दोन्ही बाजूंना टोकं रोवलेली पट्टी लावतात, त्याच्या या खुणा, हे खरं. पण यंत्रमागावरही कापड ताणणारी व्यवस्था असते आणि तीही खुणा सोडते. एका खुणेवर निकाल द्यायचा नाही. मी काय बघते सांगते. साडी उजेडासमोर पूर्ण उघडून धरते. हातमागावर विणकर फणी हातानं मारतो, चहाला उठतो, दुसऱ्या दिवशी बसतो; त्याचा जोर थोडा बदलतो आणि आडव्या धाग्यांची दाटी कुठे किंचित जास्त, कुठे कमी दिसते. पन्ह्यातही इथे-तिथे अर्धा सेंटिमीटर फरक पडतो. यंत्रमागाचं कापड पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत एकसारखं. मग पदराकडचं आणि दुसरं टोक बघते. साडीचा ताणा पुढच्या साडीच्या ताण्याशी जोडलेला असतो, म्हणून टोकाला न विणलेले धागे सुटतात. तिथून एक उभा आणि एक आडवा धागा काढून दुकानाबाहेर जाळून बघायचा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. सूत कागदासारखं जळतं, राख भुरकट. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. "हँडलूम सिल्क" म्हणून घेतलेल्या साडीचे दोन्ही धागे मणी होताना मी पाहिलेत. दुकानदाराला सांगून धागा काढलास तर खरं विकणारा नाही म्हणत नाही.

लेबलं उपयोगाची आहेत, फक्त कुठलं लेबल काय सांगतं ते कळायला हवं. सिल्क मार्क 2004 पासून आहे, तो रेशीम शुद्ध आहे एवढंच सांगतो, माग कुठला ते नाही. हँडलूम मार्क 2006 चा, तो हातमाग सांगतो, धागा नाही. 2015 मध्ये इंडिया हँडलूम ब्रँड आला, त्यात दर्जाही बघतात. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली नावं आपल्या भागात माहेश्वरी, चंदेरी, बाग अशी तिन्ही आहेत. ते जागेशी बांधलेलं असतं. एका कपड्यावर ही सगळी लेबलं असायलाच हवीत असं नाही, आणि विणकराच्या घरून घेतलेल्या उत्तम साडीवर एकही नसू शकतं.

महेश्वरला एकदा जाच. गावात शिरलं की गल्लीतून मागांचा खटखट आवाज येतो, घरोघरी माग आहेत, आणि विणताना बघू देतात. साधी माहेश्वरी मागावरून उतरायला दोन-चार दिवस लागतात, नक्षीची असली तर अधिक; त्याआधी धागा रंगवणं, ताणा भरणं हे वेगळं. हे डोळ्यांनी बघितलं की कुठली किंमत बरोबर आणि कुठली अशक्य ते आपोआप कळायला लागतं. हातमागाची रेशीम-सुती साडी कोणी ऑनलाइन कुर्त्याच्या भावात देत असेल तर ती हातमागाची नाही, एवढी साधी बेरीज आहे. मात्र विणकरावर उपकार म्हणून काही घेऊ नकोस. रंग आवडला नाही, पोत जाड वाटला, तर नमस्कार करून पुढच्या घरी जा. दया म्हणून घेतलेली साडी कपाटात पडून राहते आणि कपाटाचाच तर तुझा मूळ प्रश्न आहे.

बाग प्रिंट तुझ्या कामाची जास्त आहे, कारण तुला रोजचे कुर्ते हवेत. बाग गाव धार जिल्ह्यात, कुक्षीकडे. तिथले खत्री मूळचे सिंधमधल्या लारकान्याकडचे. या कापडाचं छापणं सगळ्यात कमी वेळाचं काम आहे, मेहनत त्याच्या आधी आणि नंतरची. सुती कापड आधी मीठ, एरंडेल तेल आणि बकरीच्या लेंड्यांच्या पाण्यात मुरवतात, वाळवतात, पुन्हा धुतात, म्हणजे त्यातली खळ निघून रंग धरायची ताकद येते. मग हिरड्याचं पाणी देतात, त्यानं कापडाला फिकट पिवळसर छटा येते. सागवानी किंवा शिसवी ठसे. लाल जागी फिटकरी (तुरटी), काळ्या जागी लोखंड, चिंचोक्याच्या खळीत घट्ट केलेलं. छापलेलं कापड काही दिवस तसंच ठेवून वाहत्या पाण्यात, बागिनी नदीत, धुतात आणि मग तांब्याच्या भांड्यात अलिझरीन नावाचा लाल रंग आणि धावड्याच्या फुलांबरोबर उकळतात. त्या भट्टीत लाल उमलतो. छापताना लाल दिसतच नाही, हे मला अजूनही भारी वाटतं.

खरं बाग ओळखायला ठशांचे सांधे शोध. हातानं ठसा लावला की दोन ठशांमध्ये कुठे केसभर फट राहते, कुठे रेघ एकमेकीवर चढते. रंगाची खोली जागोजागी थोडी बदलते. स्क्रीननं छापलेल्या नकलेत प्रत्येक फूल तंतोतंत सारखं, आणि रंग कापडावर थरासारखा बसलेला. बोट फिरवलं की जाणवतो. उलट्या बाजूला खऱ्या बागचा रंग बऱ्यापैकी उतरलेला असतो. पहिली दोन-तीन धुणी वेगळी, थंड पाण्यात, सावलीत वाळवायचं. डाग पडला म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर चोळू नकोस, आंबट लागलं की लोखंडाचा काळा फिका पडतो. आणि ऑफिसच्या डब्यातलं लिंबू पिळताना रुमाल मांडीवर घे. पोह्यांवर जिरावन मसाला आणि लिंबू याशिवाय इंदूरचं चालत नाही, हे मला माहीत आहे.

बाग कापड शिवायच्या आधी धुवायचंच. सुती कापड तीन ते पाच टक्के आटू शकतं, म्हणजे 44 इंची कुर्ता दोन इंचांनी तोकडा होऊ शकतो. टेलरला "कापड धुऊन आणलंय" असं सांग, कारण नाहीतर काही टेलर आपल्या हिशेबानं लांबी वाढवून कापतात. 44 इंच पन्ह्याचं अडीच मीटर कापड बाह्यांच्या कुर्त्याला पुरतं. नक्षी जुळवून हवी असेल तर पाव मीटर जास्त घे.

चंदेरीबद्दल थोडक्यात. ती अशोकनगर जिल्ह्यातली, ग्वाल्हेरकडच्या लोकांची खास. तिचा पारदर्शकपणा कच्च्या रेशमाच्या एकेरी धाग्यामुळे येतो, आणि त्याच कारणानं ती नाजूक असते. साडी म्हणून सुंदर, कुर्ता म्हणून सांभाळून. घट्ट मापाचा चंदेरी कुर्ता शिवलास तर शिवणीपाशी धागे सरकून जाळी पडेल. अस्तर, ढिला बेत आणि शिवणीची टोकं आत बंद करून दुहेरी टीप, एवढं करणारा टेलर असेल तरच कापड घे. चंदेरीत बुट्टी मागून बघ: हातानं विणलेल्या बुट्टीचे धागे बुट्टीपुरतेच असतात, तिथेच वळतात. एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत धागा नेऊन नंतर कापला असेल तर मागे टोकं टोचतात.

इंदुरात घ्यायचं कुठे? थान, म्हणजे अख्खा तागा, हवं असेल तर महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट, पण तिथला जीव घाऊक व्यापारात आहे, सकाळी जा आणि आधी ठरवून जा. शीतलामाता बाजार साड्या, लेस आणि अस्तरासाठी. गर्दीत रंग जुळवता येत नाहीत, म्हणून कापडाचा तुकडा सोबत ने आणि दुकानाच्या दिव्याखाली न बघता रस्त्यावर येऊन बघ. मृगनयनी या सरकारी दुकानात निवड कमी वाटेल, भाव ठरलेला असतो, पण डोळा तयार करायला ती जागा उत्तम. आधी तिथे तासभर घालव, सगळं हातात घेऊन बघ, मग बाजारात उतर. हे शहर कापडावर वाढलं. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली तरी मालवा मिल, राजकुमार मिल ही नावं अजून रस्ते आणि चौक म्हणून जिवंत आहेत. जुन्या मिलमधल्या माणसांच्या घरात अजून कोणीतरी असं असतं की चिमटीत कापड धरून सुताची जात सांगतं. तुझ्या ओळखीत असा कोणी आजोबा असला तर त्यांना घेऊन जा. माझ्यापेक्षा जास्त उपयोग होईल.

आता तो अवघड प्रश्न, "माझी स्टाईल कुठली". यासाठी कोणाचे फोटो बघू नकोस. कपाटातले सगळ्यात जास्त घातलेले चार-पाच कपडे बाहेर काढ. आवडते नव्हेत, घासले गेलेले. कॉलर झिजलेली, कोपर फिकं पडलेलं, बटण बदललेलं. ते एका रांगेत पलंगावर ठेव आणि त्यांच्यात समान काय ते शोध. गळा किती खोल, बाही कुठे संपते, लांबी गुडघ्याच्या वर की खाली, खिसा आहे का, रंग मातकट की गडद. बहुतेक बायकांच्या बाबतीत उत्तर फार सरळ निघतं. एका मुलीच्या पाचही कुर्त्यांची बाही कोपराच्या खाली तीन बोटांवर संपत होती आणि पाचांना खिसा होता, आणि ती मात्र बिनबाह्यांचे, बिनखिशाचे कुर्ते विकत घेत होती, कारण दुकानात तेच टांगलेले असतात. न घातलेल्या कपड्यांचीही अशीच रांग लाव. त्यात टोचणारं अस्तर, स्कूटरवर उडणारा घेर, सारखी सावरावी लागणारी ओढणी असं काहीतरी निघेल. ते पुन्हा घ्यायचं नाही.

मग त्या घासलेल्यांतला सर्वांत चांगला बसणारा कुर्ता टेलरकडे मापाचा कुर्ता म्हणून दे. अंगाचं माप देण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण अंगाच्या मापात ढिलेपणा किती ठेवायचा ते टेलर ठरवतो आणि कुर्त्यात तो तू जगून ठरवलेला असतो. त्याच बेताचे तीन कुर्ते शिव: एक बाग प्रिंट, एक साधं हातमागाचं सूत, एक माहेश्वरी कापडाचा. एका वेळी एकच गोष्ट बदल. गळा बदललास तर बाही तीच ठेव. असं केलं की कुठला बदल आवडला ते कळतं, आणि वर्षभरात तुझ्या अंगावरचं काय तुझं आहे ते लोकांच्या आधी तुला दिसेल. लोक म्हणतील, ही एकसारखेच कपडे घालते. म्हणू देत. आपल्याकडच्या ज्या बायकांचा नेसण्यात रुबाब होता त्या आयुष्यभर एकाच तऱ्हेच्या साड्या नेसल्या.

टेलर शोधणं हे कापड शोधण्यापेक्षा कठीण, हे मान्य आहे. पहिल्यांदा कधीच किमती कापड देऊ नकोस. एक साधा सुती ब्लाउज किंवा कुर्ता टाक आणि आत उलटा करून तपास, वर सांगितलं तसा. किती दाब ठेवणार, असं आधीच विचार. ज्याला तो प्रश्न आवडतो तो माणूस तुझा. तारीख पाळतो का बघ, आणि दुरुस्ती कुरकुर न करता करतो का ते त्याहून जास्त बघ. ब्लाउजचं माप घेताना जी अंतर्वस्त्रं साडीखाली घालणार तीच घालून जा. किमती कापडाचा ब्लाउज असेल तर आधी मांजरपाटाचा कच्चा शिवून घ्यायला सांग. थोडे पैसे जास्त लागतात, पण कापलेलं चंदेरी परत जोडता येत नाही. शिलाईत घासाघीस कमी कर. मी स्वतः शिंपी आहे म्हणून म्हणत नाही. शिलाई कमी दिली की कारागीर पहिली वाचवतो ती आतली दुहेरी टीप, आणि ती तुला वर्षभर दिसत नाही.

आजीच्या साड्या. नऊवारी म्हणजे साधारण 8.2 मीटर. आधी दोन्ही उजेडासमोर उघड. घडीच्या रेषांवर प्रकाश आरपार येत असेल तर तिथे रेशीम तुटलंय. मग मधल्या भागात दोन अंगठ्यांच्या मध्ये कापड धरून हलकेच ताण. चर्र असा आवाज आला तर नेसायची नाही. ठीक असेल तर कापायचा विचार सोड आणि आधी नेसून बघ. हळदीकुंकवाला, गणपतीत, आजीसारखी नऊवारी नेसता येत नसेल तर शिकवणाऱ्या मावश्या रामबागेत, टिळकनगरात आजही सापडतील. नऊवारी नकोच असेल तर पदराच्या विरुद्ध टोकाकडून कापून साडेपाच मीटरची साडी ठेवता येते, उरलेल्या अडीच-पावणेतीन मीटरमध्ये ब्लाउज आणि छोटं जॅकेट सहज निघतं. साडी, ब्लाउज, जॅकेट, तिन्ही एका कापडाचे, आणि साडी साडीच राहते.

दुसरी विरलेली असेल तर मधलं कापड शिवणीचा ताण घेणार नाही, त्याचा कुर्ता शिवू नकोस, कोणी कितीही सांगितलं तरी. काठ आणि पदर मात्र बहुतेक टिकलेले असतात, कारण तिथे वीण दाट. ते काढून साध्या सुती कापडावर लावता येतात. ते सुती कापड आधी दोनदा धू, नाहीतर खालचं कापड आटेल, काठ आटणार नाही, आणि पहिल्या धुण्यात काठाला चुण्या पडतील. जुनं जरीकाम असेल तर ते सोनाराला दाखवल्याशिवाय रद्दीवाल्याच्या हातात देऊ नकोस. पूर्वी चांदीची तार वापरत. मधला विरलेला भाग मऊ झालेला असतो, त्याची बाळासाठी दुपटी किंवा दुलईचं अस्तर होतं. ठेवताना मलमलमध्ये गुंडाळ, प्लॅस्टिकमध्ये नाही, डांबरगोळी जरीला लागू देऊ नकोस, आणि काही महिन्यांनी घडी बदल.

सुरुवात कशानं करायची म्हणशील तर बागच्या एका कुर्त्यानं. आणि कापड लवकर घे. 7 ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिवस असतो, त्या सुमारास हातमागाची प्रदर्शनं लागतात, बऱ्याच ठिकाणी सूटही मिळते. गणपती बसले की चांगल्या टेलरकडे दिवाळीच्या आणि लग्नांच्या कापडांचे गठ्ठे लागतात आणि मग तो "दीदी, अब तो दिवाली के बाद" म्हणायला लागतो. कापड धुऊन, वाळवून, मापाचा कुर्ता सोबत घेऊन श्रावणातच टाकून ये.